बडग्याच्या शेजारची जागा

काही वाईट कानावर आलं की काकू उजवा हात डोक्याभोवती एकदा गोल फिरवायच्या आणि ओल्या बोटांचं पाणी झटकावं तसा फाटकाच्या दिशेनं झटकायच्या. वर म्हणायच्या, "घेऊन जाय गे मारबत!"

लाइट गेली, हात फिरला. मुलाच्या साहेबानं रविवारीही कामावर बोलावलं, हात फिरला. वरच्या मजल्यावरच्या कूलरचं पाणी त्यांच्या गॅलरीत वाळत घातलेल्या कुरडयांवर टपकलं, तेव्हा तर दोन्ही हात फिरले.

अशी बाई तुमच्याही बिल्डिंगीत असेल. गॅलरीत उभी राहून खाली बघणारी. आपण मान वर करून बघत नाही, एवढंच. मला बघावं लागायचं, कारण माझं कामच बघायचं. मी त्या सोसायटीच्या फाटकावर वॉचमन आहे.

मी मूळचा साताऱ्याकडचा, माण तालुक्यातला. नववीत शाळा सुटली. मेहुणा कंटेनर चालवायचा, त्याच्या ओळखीनं नागपूरजवळ मिहानात, एका गोदामात लागलो. गोदाम बंद पडलं तशी एजन्सीनं मला इथं आणून उभं केलं. नागपूर म्हणायचं, पण नागपूर तिथून लांबच. वर्धा रोडवरून आत वळायचं, दोन्ही बाजूंना प्लॉट पाडलेली रिकामी शेतं, मधेच आमच्या चार बिल्डिंगा. शहर बस तिथवर यायची नाही. मेट्रोचं स्टेशन होतं, पण पायी जायचं म्हटलं तर उन्हात जीव जाईल इतकं दूर. त्यामुळं जे काही होतं ते ई-रिक्षांवर.

पहिल्याच दिवशी फाटकाशी एक ई-रिक्षा थांबली आणि आतून एक म्हातारी मला न्याहाळत म्हणाली, "काय गा, नवा दिसते. कोठला?"

"साताऱ्याचा."

"बाप्पा! एवढ्या दूर काहून आला?"

उत्तराची वाट त्यांनी बघितली नाही. हात डोक्याभोवती फिरवला आणि म्हणाल्या, "घेऊन जाय गे मारबत." मला वाटलं, मारबत नावाची कुणी मोलकरीण असेल, रोज इथून काहीतरी घेऊन जाणारी.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी लिफ्टमधून एक लाकडी खुर्ची खाली पाठवली. आधीच्या वॉचमनच्या स्टुलाचा एक पाय हलत होता, ते त्यांनी तिसऱ्या मजल्यावरून हेरलं होतं. तेव्हापासून मी सातारवाला. रोज एकदा गॅलरीतून हाक यायची, "सातारवाल्या, तुह्या मायले फोन केला?" केला म्हटलं की आत जायच्या. नाही म्हटलं की मी फोन कानाला लावेपर्यंत तिथंच उभ्या. आईशी काय बोलायचं हे मला कधी सुचायचं नाही. पण वरून कुणीतरी बघतंय म्हणून मी बोलायचो, आणि बोलता बोलता सुचायचं.

मारबतीचं मला त्यांनीच सांगितलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते. बांबू-कागदाची भली मोठी बाई, आणि तिच्याबरोबर बडगे, म्हणजे पुरुषाचे पुतळे. वस्तीतली सगळी रोगराई, सगळा ताप त्यांच्या अंगावर घालायचा, ओरडत ओरडत वेशीबाहेर न्यायचं आणि जाळून टाकायचं. काकू महालातल्या, म्हणजे जुन्या नागपुरातल्या. लहानपणी ती मिरवणूक त्यांच्या गल्लीच्या तोंडावरून जायची. "बम गर्दी राहे," त्या सांगायच्या. "ताई मले खांद्यावर घे. मी वरतून सगळ्यायची पीडा पाहो."

ही ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. अजून महालातच, भाच्याकडं. तिला ऐकू येत नव्हतं. फोनचा काही उपयोग नव्हता. "फोन हातात दिला का कपाळाले लावते," काकू हसत सांगायच्या. आणि मग न हसता, "माह्याशिवाय कोणाले डोक्याले हात लावू देत नाही."

दर बुधवारी काकू ताईचे केस विंचरायला जायच्या. तेवढ्यासाठी. पिशवीत तेलाची बाटली, लाकडी फणी आणि डब्यात सांबारवडी. मी पहिल्यांदा सांबार म्हटल्यावर इडलीबरोबरचं समजलो होतो. इकडं कोथिंबिरीला सांबार म्हणतात. नेहमीचे रिक्षावाले गजाननभाऊ आपली ई-रिक्षा डी विंगच्या लिफ्टच्या दारापर्यंत आणायचे. तिथून मेट्रो. काकूंना मेट्रोचं भारी कौतुक. "तिले लिफ्ट आहे गा. माह्या गुडघ्यायले विचारून बांधल्यासारखी." बर्डीच्या स्टेशनावर गाडी बदलायची आणि पुढं परत रिक्षा. संध्याकाळी परत यायच्या तेव्हा बोटांना खोबरेल तेलाचा वास. फाटकाशी मला हात दाखवून म्हणायच्या, "आज वेणी मस्त बसली."

मोटारीत त्या बसू शकत नव्हत्या. काचा लावल्या की मळमळायचं. मुलाच्या गाडीत एकदा अर्ध्या वाटेत उतरल्या होत्या. उघडी ई-रिक्षा आणि मेट्रो, हेच काय ते त्यांचे पाय.

आणि ते त्यांनी आपल्याच हातानं बंद करून घेतलं.

झालं असं. एप्रिलमध्ये एक नवा रिक्षावाला यायला लागला. त्याच्या गाडीला एक भोंगा होता, सिनेमाच्या गाण्याचा. दुपारी दोघा-तिघांना सोडायला यायचा आणि वळताना ते गाणं पूर्ण वाजवूनच थांबायचा. काकूंचा दुपारी जरा डोळा लागायचा, तेवढ्यात गाणं. एक दिवस त्या गॅलरीतून सेक्रेटरी साहेबांना म्हणाल्या, "त्या भोंग्याचा काही बंदोबस्त करा जी."

सेक्रेटरी साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांच्या घरी बायकोला अर्धशिशी, पडदे ओढून अंधारात पडलेली असायची. त्यांनी रविवारी पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून मीटिंग लावली. मी पाण्याचे ग्लास फिरवत होतो.

"तो भोंगा वाजते तं माह्या लेकराची झोप मोडते," एक वहिनी म्हणाल्या.

"झोपीचं सोडा. परवा माह्या गाडीले घासून गेला."

"एक आला का चार येते. उद्या इथंच स्टॅण्ड होते पाहा."

"भाजीवाला बी माईक लावून ओरडते."

"मंग कूलरचं पाणी खाली सोडते त्यायचं काय?"

"कूलरचा विषय आज नाही!"

अर्धा तास कूलरवरच गेला. शेवटी सेक्रेटरी साहेब उठून उभे राहिले. "एकच काम करा. तीनचाकी प्रवासी वाहन गेटच्या आत नाही. ज्याले पाहिजे त्यानं गेटवर जाऊन बसावं. मंजूर असन त्यानं हात वर करा."

हात वर झाले. पहिल्या रांगेत काकू बसल्या होत्या. त्यांचाही हात वर होता, सगळ्यात उंच.

त्याच आठवड्यात फाटकावर पाटी लागली. बुधवारी गजाननभाऊ आले, आणि पाटीखाली उभा राहून मला त्यांना थांबवावं लागलं. ते म्हणाले, "अरे, माह्या गाडीले तं भोंगाच नाही. मी तोंडानं 'बाजू व्हा' म्हणतो." मी पाटीकडं बोट दाखवलं. दुसरं काय करणार? सोसायटीतून एक तक्रार गेली की एजन्सी विचारत नाही, बदलून टाकते. मग कुठं उभं करतील, की घरीच पाठवतील, या भीतीनं मी रोजच अर्धा असायचो.

काकू पायी निघाल्या. डी विंग सगळ्यात शेवटची आणि फाटकापर्यंत सिमेंटचा रस्ता, एक झाड नाही. मी माझी खुर्ची उचलून पळत गेलो. त्या चार पावलं टाकायच्या, बसायच्या. मी खुर्ची पुढं न्यायचो, त्या चार पावलं टाकायच्या, बसायच्या. फाटक दिसायला लागलं तोवर ओठ पांढरे पडले होते. गजाननभाऊ बाहेरून दोन्ही हात पुढं करून उभे, पण आत येता येत नव्हतं. काकूंनी फाटकाकडं बघितलं, मागं बिल्डिंगीकडं बघितलं आणि म्हणाल्या, "परत चाल गा."

खुर्चीवर बसता बसता त्या मला म्हणाल्या, "मी तं भोंग्यासाठी हात वर केला. यायनं अख्खा रिक्षाच उचलून बाहेर ठेवला."

पुढच्या बुधवारी मी गॅस सिलिंडर नेतात ती ढकलगाडी आणली. वर पोतं घातलं, त्यावर चादर. त्यांनी गाडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "मी काय सिलिंडर आहो काय गा?" म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. पण बसल्या नाहीत. मुलानं मोबाइलवरून मोटार बोलावून बघितली. ड्रायव्हरनं काकूंना फोन करून पत्ता विचारला. यांनी महालातल्यासारखा सांगितला, पाण्याच्या टाकीपासून उजवीकडे, मंग कोणालेही विचार. तो आलाच नाही. आला असता तरी काचा होत्याच.

त्यांनी मला एकदा म्हटलं असतं, सातारवाल्या, सोड रे आत, तर मी काय केलं असतं देव जाणे. त्यांनी ते कधी म्हटलं नाही. उलट एकदा गजाननभाऊ त्यांच्या बोलावण्यावरून आत आले, रिक्षा बाहेर ठेवून, तरी कुणीतरी तक्रार केली. सेक्रेटरी साहेब माझ्यावर चिडायच्या आत वरून आवाज आला, "मी बोलावलं होतं जी. त्या पोराले काही बोलाचं नाही." मी खाली मान घालून उभा होतो. इतक्या लांब येऊन आपल्यासाठी कुणी वरून ओरडावं, याचं काय करायचं असतं हे मला कळलं नव्हतं. अजून नीट कळत नाही.

ते दिवस वाईट गेले. मुलगा सकाळी कंपनीच्या बसनं जायचा, सून स्कूटीवर शाळेत. काकू गॅलरीत. कबुतरं येतात म्हणून सुनेनं गॅलरीला हिरवी जाळी लावली होती. खालून बघितलं की काकूंचा चेहरा चौकटीचौकटीत दिसायचा. मी बारा तास फाटकावर, त्या बारा तास जाळीमागं. आम्ही दोघं एकमेकांकडं बघायचो. बुधवारी त्या सकाळपासून डोक्याला पदर घेऊन, पिशवी भरून उभ्या राहायच्या. कुठं जायचं नव्हतं, पण तयार व्हायच्या. संध्याकाळी पिशवीतली सांबारवडी मला खाली पाठवायच्या.

मुलगा म्हणायचा, "आई, या रविवारी पाहू काहीतरी." तो खोटं बोलत नव्हता. रविवारी त्याचा साहेब त्याला खोटं पाडायचा.

पाऊस सुरू झाल्यावर आणखी एक मीटिंग झाली. या वेळी विषय होता येण्या-जाण्याच्या सोयीचा. कुणीतरी म्हणालं, मेट्रोवाल्यांना अर्ज करू, स्टेशनपर्यंत छोटी बस सोडा म्हणून. सगळ्यांनी माना हलवल्या. मग एकजण म्हणाले, "बस थांबन कोठी?"

"गेटसमोर. अजून कोठी?"

"गेटसमोर स्टॉप आला का पानठेला येते. पानठेला आला का पोट्टे उभे राहते. मंग पिचकाऱ्या कोण पुसन?"

"मंग पुढच्या सोसायटीसमोर थांबवा."

"ते काहून थांबू देतीन? त्यायच्याकडे काय भिंती नाही?"

"बस पाहिजे, पण स्टॉप नको, असं लिहा."

काकूंना मुलगा लिफ्टनं खाली घेऊन आला होता. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे जी. बस चालू द्या, थांबवू नका. आमी पळत पळत चढतो."

सगळे हसले. हसणं विरलं तेव्हा एक वहिनी म्हणाल्या, "तोपर्यंत काकूंपुरता रिक्षा आत येऊ द्या ना. बुधवारचा एक दिवस."

सेक्रेटरी साहेबांनी चष्मा काढून पुसला. "एकाले सूट दिली का सगळ्यायले द्या लागते. उद्या प्रत्येकाच्या घरी गुडघे निघतीन." मग जरा मऊ आवाजात, "आन काकू, तक्रार तं तुमचीच होती."

काकूंचा हात सवयीनं वर गेला. कानापर्यंत गेला, आणि तिथंच थांबून खाली आला. मारबतीला बोलावलं नाही असं मी पहिल्यांदाच बघितलं.

पोळ्याच्या आठवडाभर आधी भाच्याचा फोन आला. हे मला काकूंनीच सांगितलं, गॅलरीतून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, पण माझ्याशीच बोलत होत्या. ताईच्या केसांचा गुंता झाला होता. कुणाला हात लावू देत नव्हती, फणी दिसली की चावायला धावायची. भाचेसून कंटाळली होती. "केस कापून टाकतो म्हणते. डोकं साफ करतो म्हणते." काकूंनी जाळीत बोटं अडकवली. "तिची वेणी कमरेखाली लागे गा, सातारवाल्या. उभी राहिली का बैलबंडीच्या दोरासारखी हाले."

"कधी कापणार म्हणाले?"

"पोळा होऊ दे म्हणते."

दुसऱ्या दिवशी काकू खाली आल्या, माझ्या खुर्चीवर बसल्या आणि पार्किंगमध्ये खेळणाऱ्या मुलांना जवळ बोलावलं. म्हणाल्या, आपल्या सोसायटीचा बडग्या करू. मुलांना तेवढंच पाहिजे होतं. बांधकामाचे उरलेले बांबू निघाले, कुणाच्या तरी गावाकडून तणस, म्हणजे भाताचा पेंढा, आली, काकूंच्या मुलाची फाटकी पॅन्ट, नवऱ्याचा जुना सफारी. डोक्याला मडकं. काकू खुर्चीवरून हुकूम सोडायच्या. "अजून भर. पोट लहान दिसून राहिलं." मुलं भरायची. "अजून भर." बडग्या फुगत गेला. सेक्रेटरी साहेब येता-जाता बघायचे. एकदा थांबून म्हणाले, "काकू, लय मोठा होऊन राहिला."

"सोसायटीची पीडा का लहान आहे का जी?"

ते हसले. तेही जुन्या नागपुरातलेच, इतवारीत वाढलेले. त्यांनी बाजारातून रंग आणून दिला आणि मिशी स्वतः काढली.

मग मुलं घरोघरी विचारत फिरली, बडग्याबरोबर काय काय घालवायचं? एका पुठ्ठ्यावर लिहून तो त्याच्या छातीवर बांधायचा होता. खालच्यांनी सांगितलं, वरच्यांच्या कूलरचं पाणी. वरच्यांनी सांगितलं, कूलरची सारखी तक्रार करणारे. सेक्रेटरी साहेबांनी सांगितलं, मीटिंगला न येता नंतर बोलणारे. कुणी कुत्र्याची घाण सांगितली, कुणी मोबाइलची रेंज.

काकू माझ्याकडं वळल्या. "तुही काय पीडा आहे?"

"काही नाही, काकू."

माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. "खोटा," म्हणाल्या. मग मुलांना म्हणाल्या, "खाली एक जागा राहिली ना? लिहा, तिसऱ्या मजल्यावरची म्हातारी."

मुलांना ते फार गमतीचं वाटलं. त्यांनी ते सगळ्यात मोठ्या अक्षरात लिहिलं.

पोळ्याच्या संध्याकाळी बडग्या डी विंगसमोर उघड्यावर उभा केला. मी म्हटलं, पावसाचं आहे, पार्किंगमध्ये ठेवू. काकू म्हणाल्या, "नाही, बाहेरच ठेवा लागते." असं खरंच ठेवायचं असतं की नाही, मला आजही ठाऊक नाही. रात्री पाऊस झाला. सकाळपर्यंत तणस पाणी पिऊन टम्म.

मारबतीच्या दिवशी इकडं सुट्टी असते, त्यामुळं सगळी सोसायटी खाली. ताशा आणला होता. मुलांनी बडग्या उचलायला हात घातला आणि तो जागचा हलला नाही. बाप्ये पुढं झाले, चार पावलं नेला, खाली ठेवला. फाटक तर त्या लांब सिमेंटच्या रस्त्याच्या टोकाला.

"गाडीत घाला लागते," कुणीतरी म्हणालं.

"कोणाच्या?"

सगळ्या सोसायटीचा ताप अंगावर घेतलेला बडग्या आपल्या गाडीत कोण बसवणार?

"माह्या गाडीले नवे सीटकव्हर आहे."

"माह्या घरी आधीच सासरे आजारी आहे बाप्पा."

"तुमची डिक्की मोठी आहे ना?"

"डिक्की तुमची बी मोठी आहे."

आणि तो तिथंच ठेवूनही चालणार नव्हतं. दुपारच्या आत बाहेर काढला नाही तर सगळं घरातच राहतं, हे काकूंनी मुलांना आणि मुलांनी आयांना आठवडाभर सांगितलं होतं. सेक्रेटरी साहेबांनी पुतळ्याकडं बघितलं. आपणच काढलेल्या मिशीकडं बघितलं. मग मला हाक मारली. "वॉचमन, तो रिक्षावाला कोठी आहे?"

मी म्हणालो, "साहेब, पण पाटी..."

"अरे बाप्पा, पाटीवर प्रवासी लिहिलं आहे. बडग्या प्रवासी आहे का?"

मी फाटकाकडं धावलो. गजाननभाऊ बाहेरच उभे होते. मी विचारलं, तुम्ही आज कसे? ते म्हणाले, "काकूनं सांगितलं होतं, सकाळपासून उभा राहाजो."

रिक्षा आत आली. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा तो रस्ता कापून डी विंगच्या दारापर्यंत गेली. चौघांनी बडग्या मागच्या सीटवर बसवला. हात सोडला की तो कलंडायचा.

"कोणीतरी धरून बसा लागते."

मुलं ओरडली, मी, मी. त्यांच्या आया त्याहून मोठ्यानं ओरडल्या, "लेकरू नाही बसवाचं त्याच्याजवळ!" मोठी माणसं एकेक पाऊल मागं सरकली.

"सरका," काकू म्हणाल्या. हातात तीच बुधवारची पिशवी, आज जरा जास्त फुगलेली. "मी बसते. माह्यावर आता अजून कोणती पीडा बसन?"

त्यांचा मुलगा पुढं आला होता. तो पिशवीकडं बघत होता, मग बडग्याच्या छातीवरच्या पुठ्ठ्याकडं बघत राहिला, खालच्या मोठ्या अक्षरांकडं. मला वाटलं, आता तो आईचा हात धरून थांबवतो. तो वळून लिफ्टनं वर गेला. ताशेवाला वाजवायचा थांबला. मुलगा खाली आला तो औषधाच्या पाकिटांची थैली आणि फोनचा चार्जर घेऊन. त्यानं ते पिशवीत घातलं.

"आई, हे राहिलं होतं," म्हणाला.

काकूंनी त्याच्या गालावरून हात फिरवला. मग त्यालाच आधार देऊन आत चढल्या, बडग्याच्या दंडाला धरून बसल्या. गजाननभाऊंनी रिक्षा सोडली. पुढं ताशा, मागं मुलं, "घेऊन जाय गे मारबत!" रस्त्याच्या खाचेत चाक गेलं की बडग्याचा तणसाचा हात काकूंच्या खांद्यावर पडायचा आणि त्या तो परत त्याच्या मांडीवर ठेवायच्या.

फाटकाशी मी दांडा वर केला. रिक्षा थांबली.

"सातारवाल्या, तुह्या मायले फोन केला?"

"करतो, काकू."

त्यांनी बाहेर वाकून हात लांब केला. मी नकळत मान खाली घातली. त्यांनी हात माझ्या डोक्याभोवती गोल फिरवला आणि बाहेर शेतांच्या दिशेनं झटकला. मारबतीला हाक मुलंच मारत होती.

रस्त्यापलीकडच्या मोकळ्या प्लॉटवर बडग्या उतरवला. ओली तणस पेटेना, नुसता धूर. सगळे धुराभोवती जमले, रॉकेल आणा, कागद आणा. त्या गडबडीत रिक्षा हळूच वळली. धुरातून मला दिसली ती मेट्रोच्या रस्त्याला लागलेली, मागच्या सीटवर एक बाजू रिकामी आणि दुसऱ्या बाजूला काकू, ताठ.

त्या परत राहायला आल्या नाहीत. मुलगा सुट्टीत जाऊन भेटतो. गजाननभाऊ एकदा महालात भाडं घेऊन गेले तेव्हा बघून आले. म्हणाले, दोघी ओट्यावर बसल्या होत्या, रस्त्याला तोंड करून. एक पुढं, एक मागं. ताईची वेणी घालणं चाललं होतं. "अजून कमरेखाली आहे का?" मी विचारलं. "हाव," ते म्हणाले, "ओट्यावर टेकून राहिली होती." काकूंनी त्यांच्याजवळ माझ्यासाठी सांबारवडीचा डबा दिला होता आणि निरोप. "त्याले म्हणा, एकदा घरी जाऊन येजो."

मी महालात गेलेलो नाही, घरीही नाही. बदली माणूस मिळाला की सुट्टी, असं एजन्सी म्हणते, आणि मी पुन्हा विचारायला घाबरतो. पाटी अजून आहे. खाली एक ओळ वाढली आहे, मारबतीच्या दिवशी सूट. छोट्या बसचं अजून ठरतंय, म्हणजे ती कुणासमोर थांबणार नाही ते ठरतंय. तिसऱ्या मजल्यावरची जाळी तशीच आहे, मागं कुणी नसतं.

संध्याकाळी सगळ्या गाड्या आत आल्या की मी दांडा खाली करून त्यांच्या खुर्चीवर बसतो. आईला फोन लावतो, आता सवय झाली आहे. ती विचारते, कधी येतोस? फोन ठेवला की हात आपोआप वर जातो, डोक्याभोवती गोल फिरतो. पण झटकायचा कुणीकडं ते कळत नाही. काकू फाटकाकडं झटकायच्या, आणि मी फाटकावरच बसलेलो.